शाळेतून बोलते, घाबरू नका

माझी मावशी शाळेच्या ऑफिसात फोन करायला आहे. कागदोपत्री तिच्या कामाचं नाव काहीतरी वेगळंच आहे. पण सकाळची प्रार्थना संपली की वर्गावर्गांतून गैरहजर मुलांच्या चिठ्ठ्या ऑफिसात येतात आणि मावशी एकेकाच्या घरी फोन लावून कारण विचारते, हेच तिचं खरं काम. पलीकडून कुणी "हॅलो" म्हणालं की ती ठरलेल्या चालीत म्हणते, "शाळेतून बोलते. घाबरू नका."

आणि लोक घाबरतात. तोवर निवांत दात घासत असलेला माणूससुद्धा "घाबरू नका" ऐकल्याबरोबर मटकन खाली बसतो.

"काय झालं हो माझ्या बाळाला?" एका आईने विचारलं होतं.

"तेच विचारायला फोन केलाय. तुमचं बाळ शाळेत नाहीये."

यावर ती आई दुप्पट घाबरली, कारण बाळ तर सकाळीच दप्तर पाठीला लावून निघालं होतं. बाळ नववीत आहे आणि ते तेव्हा मैदानामागच्या भिंतीवर बसून पेरू खात होतं, पण ती गोष्ट वेगळी.

मुख्याध्यापकांनी मावशीला कितीदा सांगून पाहिलं, "बाई, तेवढं घाबरू नका म्हणू नका."

"मग घाबरतील ना, सर."

हे वाक्य तिला आजीकडून मिळालंय. आजी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. त्या काळी लांबून फोन आला म्हणजे कुणीतरी गेलं असंच लोक धरून चालायचे. म्हणून आजी फोन जोडून देण्याआधी हळूच म्हणायची, "घाबरू नका." माझ्या आईने आजीचं नाक घेतलं, मावशीने वाक्य घेतलं, आणि कान.

मावशीचे कान ही गावातली धास्तीची गोष्ट आहे. समोरचा माणूस काय बोलतो ते ती फारसं ऐकत नाही. त्याच्या मागे काय वाजतंय ते ऐकते. एकदा टॅक्सीवाल्याने सांगितलं की मुलाला सणसणून ताप आहे, अंथरुणातून उठवत नाही, मी उशाशी बसलोय.

मावशी म्हणाली, "अंथरूण उजवीकडे वळतंय वाटतं. इंडिकेटर वाजतोय."

बेकरीवाल्या काकूंनी सांगितलं, "पोटात दुखतंय हो त्याच्या, नुसता कळवळतोय." तेवढ्यात मागून खणखणीत आवाज आला, "आई, माझी पोहायची चड्डी कुठंय?"

"द्या त्याला चड्डी," मावशी म्हणाली. "पाण्यात कळवळू दे."

पण कान म्हणजे निम्मंच हत्यार. उरलेलं निम्मं म्हणजे गप्प बसणं. कारण सांगून झालं की मावशी काहीच बोलत नाही. ना "बरं", ना "हं", ना "ठेवते". आणि त्या शांततेत भलेभले पाय घसरून पडतात. आमचा शिंपी असाच पडला.

"ताप आहे हो पोरीला," शिंपी म्हणाला. मावशी गप्प. "म्हणजे काल होता." मावशी गप्प. "म्हणजे येईल असं वाटत होतं." मावशी गप्प. "लग्नाला आलोय आम्ही, बाई. मुलाकडून."

एवढा खोटेपणा कशासाठी, तर मुख्याध्यापकांच्या नियमासाठी. आजारपण किंवा मयत सोडून, शाळा चालू असताना मूल नुसतं फिरायला नेलं, तर पालकाने दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेपुढे उभं राहून कारण सांगायचं. मुख्याध्यापक दर सोमवारी हा नियम समजावून देतात. "वेळ म्हणजे काय?" असं विचारतात, चष्मा काढतात, चष्मा घालतात आणि उत्तर देतात, "वेळ म्हणजे वेळ." त्यानंतर ते वेळेचं महत्त्व सांगायला लागतात आणि पहिला तास त्यातच जातो. पुढे येऊन उभं मात्र आजवर कुणीच राहिलं नव्हतं. आमच्या गावात फिरायला कुणी जातच नाही. सगळ्यांना तापच येतो.

मावशीचा नवरा, म्हणजे काका, मालवाहू जहाजावर स्वयंपाकी आहे. जहाजाचं स्वयंपाकघर इंजिनाला लागून, त्यामुळे काका मीठ मागतात तेही वादळात हाक मारल्यासारखं. ते रजेवर आले की पहिल्या दिवशी शेजारून वाटीभर मीठ येतं. सहा-सात महिन्यांनी एकदा येतात आणि ते नेमकं शाळा चालू असताना. "कंपनीला तुमच्या शाळेचं वेळापत्रक कोण पाठवणार?" असं म्हणतात. मुलांना सुट्टी लागते तेव्हा काका कुठल्यातरी समुद्रात बटाटे सोलत असतात.

त्यांचा मुलगा लवंग. बारीक काडी आणि वर गोल डोकं, म्हणून काकांनीच ठेवलेलं नाव. लवंग तिसरीत आहे आणि एकही दिवस गैरहजर नाही. गालगुंड झालं तेव्हासुद्धा शाळेनेच घरी पाठवलं. फोन करणाऱ्या बाईचा मुलगा म्हटल्यावर दुसरं काय होणार.

या वेळी काका आले आणि दुसऱ्याच दिवशी लवंगने त्यांना आपली चित्रं दाखवली. शाळेत "माझ्या वडिलांचं कामाचं ठिकाण" असं चित्र काढायला सांगितलं होतं. लवंगने पानभर एक नळ काढला होता, धो धो वाहणारा. त्याच्याखाली पातेलं, आणि पातेल्यात टोपी घातलेले काका, हातात पळी.

काका आधी इतके हसले की वरच्या मजल्यावर आमच्या घरी ऐकू आलं. मग म्हणाले, "नळ का रे?"

"मग पाणी कुठून आलं?" लवंग म्हणाला.

काका त्यानंतर बराच वेळ काही बोलले नाहीत. काका बोलत नाहीत हेसुद्धा वरपर्यंत कळलं.

रात्रीच्या जेवणाला मी खालीच होते.

"याला समुद्र दाखवून आणतो," काका म्हणाले. "बंदरात जहाजंही बघेल."

"सुट्टीत न्या," मावशी म्हणाली.

"सुट्टीत मी तिथे असतो आणि हा इथे."

"मग रविवारी."

"अगं, जायला अर्धा दिवस, यायला अर्धा दिवस. बसमधून समुद्र दाखवू आणि तसाच परत वळवू?"

"अख्ख्या गावाला मी नाही म्हणते. उद्या माझं पोरगं गेलं की मला तोंड राहील का फोन करायला? लोक म्हणतील, बाई, आधी तुमचा कुठंय ते सांगा."

"म्हणू देत की."

"तुम्हाला काय. तुम्ही जाल जहाजावर. फोन मला करायचेत."

"पुढच्या वेळी येईन तोवर हा मोठा झालेला असेल," काका म्हणाले. "मी बुडालो तर तो नळ बंद करायला धावेल."

मावशी उठून ताटं घासायला लागली. माझं ताटही घेतलं, त्यात भात असताना.

त्यानंतर दोघांचा अबोला सुरू झाला आणि तो चालवायचं काम माझ्याकडे आलं.

"तुझ्या काकांना सांग, भाजी गार होतेय." काका हातभर अंतरावर.

"तुझ्या मावशीला सांग, माणूसही गार होतोय."

"तुझ्या काकांना सांग, माणसाला म्हणावं स्वेटर घाल."

शनिवारी मी शिंप्याकडे गेले, गणवेशाचा घेर सोडून घ्यायला. दुकानात काका बसले होते आणि त्यांच्याभोवती शिंपी, टॅक्सीवाला आणि बेकरीवाल्या काकू. म्हणजे मावशीच्या हाती सापडलेली सगळी थोर मंडळी. बातमी त्यांच्यापर्यंत कशी गेली हे विचारायला नको. काकांनी ती शिंप्याला कानात सांगितली होती आणि काका कानात सांगतात ते बसस्टॉपला ऐकू जातं.

"खुशाल घेऊन जा, भाऊ," शिंपी म्हणाला. "फक्त आजार नीट निवडा. खोकला नको. खोकला आहे म्हटलं की बाई म्हणतात, ऐकवा."

"काचा आधी चढवा," टॅक्सीवाला म्हणाला. "मी काचा चढवल्या होत्या. इंडिकेटर विसरलो. अजून झोप लागत नाही मला."

"आणि पोराच्या तोंडात काहीतरी कोंबा," काकू म्हणाल्या. "बिस्कीट नको, ते लवकर संपतं. टोस्ट द्या. मी देते दोन."

"बारीक ताप म्हणा," शिंपी म्हणाला. "जोराचा ताप म्हटलं की डॉक्टर कोण ते विचारतात. बारीक तापाला डॉक्टर नसतो."

"म्हणून दाखवा बघू," टॅक्सीवाला म्हणाला.

"बारीक ताप आहे," काका म्हणाले. समोरच्या दुकानातला माणूस बाहेर येऊन बघायला लागला.

"बारीक म्हणालो, भाऊ. एवढा ताप नाही येत कुणाला."

काकांनी चार वेळा म्हटलं, प्रत्येक वेळी थोडं कमी. शेवटी शिंपी म्हणाला की जमेल, आणि टेप गळ्यात टाकून गंभीर झाला. "आता मुख्य गोष्ट. सांगून झालं की बाई गप्प बसतील. तुम्हीही गप्प बसायचं. जीव गेला तरी बोलायचं नाही. तिथेच आम्ही सगळे मेलो."

"लग्नाचं बोलून बसले हे," काकू म्हणाल्या.

"तुम्ही चड्डीचं बोला."

रविवारी सकाळी काकांनी माझ्याकरवी मावशीला कळवलं की लवंगला बहिणीकडे नेतोय. मावशीने माझ्याकरवी कळवलं की सोमवारी प्रार्थनेला तो रांगेत दिसला पाहिजे. लवंगच्या खिशातून दोन टोस्ट डोकावत होते. मावशीने ते बघितले.

सोमवारी तो रांगेत दिसला नाही.

आमच्या वर्गाची चिठ्ठी ऑफिसात न्यायचं काम माझ्याकडेच असतं. गेले तेव्हा तिसरीची चिठ्ठी वर होती. हेडक्लार्क कपाट लावत असल्याचं दाखवत होते. ते कपाट गेल्या शुक्रवारीच लावलेलं होतं. शिपाईमामा पुसलेलं टेबल पुन्हा पुसत होते. मुख्याध्यापक स्वतःच्या खोलीच्या दारात उभे राहून घड्याळाकडे बघत होते.

"राहू द्या हवं तर, बाई," हेडक्लार्क कपाटात तोंड घालून म्हणाले. "घरचंच आहे."

"घरचं आहे म्हणून का राहू द्यायचं?" मावशीने पदर नीट केला आणि नंबर लावला. स्पीकरची गरज नव्हती.

"हॅलो," काका म्हणाले. शिपाईमामांचं फडकं थांबलं.

"शाळेतून बोलते. घाबरू नका."

"घाबरलोय," काका म्हणाले.

"आपला मुलगा तिसरीत आहे. आज गैरहजर आहे. कारण सांगा."

मावशीने अहो-जाहो केलं, ते तर रोजचंच. पण काकांना एकदम काय वाटलं कोण जाणे, लग्नानंतर पहिल्यांदा त्यांनी बायकोला मान दिला. "बाई, तुम्हाला काय सांगू, त्याला बारीक ताप आहे." बारीकही छान म्हणाले. शिंप्याला बरं वाटलं असतं.

मावशी गप्प बसली.

काकाही गप्प बसले. हेडक्लार्कनी कपाटातून डोकं बाहेर काढलं. एवढा वेळ मावशीपुढे कुणी टिकलेलं आमच्या माहितीत नव्हतं. फोनमधून नुसतं सस्स्स् असं काहीतरी यायचं, थांबायचं, आणि पुन्हा सस्स्स्. तापलेल्या मोठ्या तव्यावर कुणी पाणी शिंपडत असावं तसं.

मावशीने रिसीव्हर कानाशी आणखी दाबला. मान तिरकी केली. तिला बसचं इंजिन कळतं, शिलाई मशीन कळतं, कुणाच्या घरचा पंखा कुरकुरतो तेही कळतं. हे कळेना. आणि मग, इतक्या वर्षांत कधी न झालेली गोष्ट झाली. शांततेत मावशीच बोलली.

"मागे काय वाजतंय?"

"समुद्र," काका म्हणाले.

शिपाईमामांनी कपाळावर हात मारला.

"असाच वाजतो?"

"असाच. दिवसरात्र."

"थांबत नाही?"

"नाही." काका ताप विसरून गेले होते. "अगं, मी रोज हेच ऐकत असतो." मग त्यांना आठवलं बहुतेक. "हे बघा, बाई. ताप वगैरे काही नाही. खोटं बोललो. बहिणीकडेही गेलो नाही. पोराला समुद्र दाखवायला आणलंय, शाळा बुडवून."

मागून लवंग ओरडला. टोस्ट संपले असणार. "आई, नळ नाहीये कुठेच."

मावशीने "बरं" म्हटलं. रिसीव्हर ठेवला, पण हात त्यावरच राहिला.

"काय कारण, बाई?" मुख्याध्यापक दारातून म्हणाले, जसं काही त्यांना ऐकूच आलं नव्हतं.

"शाळा बुडवून समुद्रावर गेलाय, सर."

मुख्याध्यापकांनी चष्मा काढला, घातला. एवढ्या वर्षांत असं कारण त्यांच्या कानावर आलेलं नव्हतं. "असं कसं," ते म्हणाले. "म्हणजे, असं कुणी सांगत नाही. ताप लिहा ना."

"ताप नाहीये."

"बारीक असेल."

"नाहीये, सर. उद्या त्याचे वडील प्रार्थनेला उभे राहतील. आणि ते बहिणीकडे नाहीयेत हे मला कालच कळलं होतं. टोस्ट बघितले होते मी. बहिणीकडे कोण टोस्ट घेऊन जातं? तेव्हा मलाही उभं करायचं तर करा."

"तुम्ही नको," मुख्याध्यापक घाईघाईने म्हणाले. "फोन कोण करणार?"

मंगळवारी काका उभे राहिले. माइक समोर होता, तो शिपाईमामांनी आपण होऊन काढून नेला. काका म्हणाले, "मी मुलाला शाळा बुडवून समुद्रावर नेलं. चूक केली. परत करणार नाही." आणि खाली उतरले. तेवढ्यात पहिलीच्या रांगेतून एका मुलीने विचारलं, "केवढा होता?"

काकांनी मुख्याध्यापकांकडे बघितलं. मुख्याध्यापक म्हणाले, "थोडक्यात सांगा."

समुद्र थोडक्यात सांगता येत नाही. पहिला तास गेला. लवंग मध्येमध्ये "आणि खारट," "आणि हलतो," अशी भर घालत होता. मावशी ऑफिसच्या दारात उभी राहून ऐकत होती, हातात चिठ्ठ्या तशाच.

पण शाळेपुढे उभं राहूनही माणूस मरत नाही, उलट पोरं टाळ्या वाजवतात, हे गावाने बघितलं आणि भलतंच झालं. लोक खरं बोलायला लागले.

"शाळेतून बोलते. घाबरू नका."

"नाही घाबरत," शिंपी म्हणाला. "पोरगी झोपलीय. मीही झोपलो होतो. आता तुम्ही दोघांनाही उठवलंत."

टॅक्सीवाला म्हणाला, "बाई, खरं सांगू? आमच्या पोराला तुमचे गणिताचे सर आवडत नाहीत." बेकरीवाल्या काकूंनी तर सगळं घरचंच काढलं: सासू काय म्हणाली, नणंद काय म्हणाली, त्यात डबा कसा राहिला आणि डबा राहिला म्हणून शाळा कशी राहिली. मावशीने सवयीप्रमाणे गप्प बसून बघितलं. काकूंना ते फारच आवडलं. "तुम्ही किती शांतपणे ऐकून घेता हो," असं म्हणून त्यांनी दिराचंही सांगितलं.

मावशी घरी येऊन डोकं धरून बसायची. "ताप परवडला गं," म्हणायची. "ताप दोन शब्दांत संपतो."

तिचा आणि काकांचा अबोला मात्र संपला होता. माझी नोकरी गेली.

रजा संपली आणि काका निघाले. नेहमी मावशी त्यांना बसस्टॉपपर्यंत सोडायची आणि तिथून थेट शाळेत यायची. त्या दिवशी मी आमच्या वर्गाची चिठ्ठी घेऊन ऑफिसात गेले तर मावशीची खुर्ची रिकामी. लवंग वर्गात होता, पहिल्या बाकावर, केस विंचरून. गैरहजर होती ती मावशी. चिठ्ठ्या टेबलावर साठल्या होत्या आणि हेडक्लार्क त्यांच्याकडे पाल बघावी तसे बघत होते.

दुपारच्या सुट्टीत मी पुन्हा डोकावले तेव्हाही हेडक्लार्क तसेच बसले होते. फोन वाजला. त्यांनी उचलला.

"समुद्रावरून बोलते," मावशीचा आवाज आला. मागे सस्स्स् चालू होतं. आवाज चढवून बोलत होती. आता तिलाही काकांसारखं बोलावं लागत होतं. "घाबरू नका."

हेडक्लार्कनी इकडेतिकडे बघितलं. मग घसा साफ करून, जन्मात एकदाच मिळणारी संधी साधत म्हणाले, "आपण आज गैरहजर आहात. कारण सांगा."

आणि गप्प बसले.

पलीकडे मावशीही गप्प. तिला काहीच घाई नव्हती. मग कुठूनतरी लांबून भोंगा वाजला, जाडजूड, आमच्या शाळेच्या घंटेला गिळून टाकेल असा.

"आजारबिजार काही नाही," मावशी म्हणाली. "ह्यांचं जहाज निघतंय, ते बघतेय. उद्या प्रार्थनेला उभी राहते, सरांना सांगा. आणि हे बघा, शिंप्याच्या घरी फोन करू नका. पोरगी झोपली असेल."